काळ्या राजाला रामराम

भिकननाना राक्षसाला रामराम घालत.

राक्षस टीव्हीतला होता, म्हणजे टीव्ही गेममधला. पण नानांना त्यानं काही फरक पडत नसे. दुपारचं जेवण झालं की ते हातपाय धुऊन, डोक्यावरची टोपी खुंटीला लावून टीव्हीसमोर पाट मांडून बसत. सांगाडे कापत, वटवाघळं चुकवत, उकळत्या डांबराच्या खड्ड्यांवरून उड्या मारत किल्ल्याच्या शेवटच्या दालनात पोचत. तिथं उंच दगडी आसनावर एक राजा बसलेला असे. काळा झगा, कमरेला किल्ली, शिंगांचा मुकुट, तोंडावर सावली. इथवर आलेला कुणीही माणूस तलवार उपसेल. नाना रिमोट खाली ठेवत, दोन्ही हात जोडत आणि म्हणत, "राम राम, राजे. कसं काय शे?"

राजा बोटांतून आग फेके. नानांचा लोखंडी शिपाई उभ्या उभ्या जळून जाई. नाना समाधानानं उठत आणि चहा ठेवत.

हल्ली माझी नातवंडं कुठल्याशा भुताखेतांच्या खेळावर मालिका निघणार म्हणून मोबाइलवर अनोळखी लोकांशी भांडत असतात. ती कार्टूनची असावी की खऱ्या नटांची? शिंगवाल्याचं काम कोण करणार? शेवट बदलला तर आम्ही बघणार नाही, वगैरे. मला हसू येतं. हे सगळं भांडण मी जळगावात, पिंप्राळ्याच्या एका ओट्यावर, ही मंडळी जन्मायच्या आधीच भांडून संपवलेलं आहे.

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि जगातलं जवळजवळ सगळं मला कळत असे. कॉलनीच्या महिला मंडळाची मी चिटणीस. रविवारच्या पुरवणीतलं सिनेमाचं परीक्षण वाचायचं आणि सोमवारी तेच मत स्वतःचं म्हणून सांगायचं, हा माझा साप्ताहिक कार्यक्रम. 'वास्तववाद' हा शब्द मी भरताची वांगी निवडतानासुद्धा वापरत असे. मूळची मी शिरपूरची. अहिराणी माझ्या आईची भाषा. पण चिटणीस झाल्यापासून ती आपल्याला नीटशी येत नाही असं मी दाखवत असे. आता त्या बाईचा फोटो पाहिला की तिला चिमटा काढावासा वाटतो.

नाना आमच्या समोरच राहत. उभी हयात अमळनेरच्या तेलाच्या कारखान्यात गेली. बायको वारल्यावर मुलानं, दिलीपनं, त्यांना जळगावला आणलं. दिलीपनं पोरांसाठी टीव्ही गेम घेतला. पोरं चार दिवसांत कंटाळली आणि गेम नानांच्या ताब्यात गेला. आमची मुलं मात्र शाळा सुटली की तिकडेच. मी त्यांना ओढून आणायला जायची आणि मुलं घरी परतल्यावर अर्ध्या तासानं मी स्वतः परत यायची.

त्या खेळाची कॅसेट कुठल्या देशातून आली होती कुणास ठाऊक. तिच्यावर काळ्या किल्ल्याचं चित्र आणि मुंग्या मरून पडल्यासारखी अक्षरं. खेळात मधूनमधून तीच अक्षरं पडद्यावर येत आणि काहीतरी फार महत्त्वाचं सांगून निघून जात. आमच्यात ती कुणालाच वाचता येत नव्हती. म्हणजे गोष्ट काय आहे ते ज्याचं त्यानं ठरवायचं. दिसायचं ते एवढंच : लोखंडी कपड्यातला एक शिपाई किल्ल्यात शिरतो, शेवटी काळा राजा भेटतो, राजाच्या आसनाशेजारून एक जिना वर जातो, आणि वर, मनोऱ्याच्या बंद खिडकीत, पिवळ्या चार ठिपक्यांची एक मुलगी असते.

नवीपेठेतल्या कॅसेटवाल्यानं एकदा नानांना सांगितलं, "नाना, या खेळाचा पिक्चर येतोय अमेरिकेत." तो बहुतेक गिऱ्हाईक खूश करायला बोलला असेल. पण तेव्हापासून दर शुक्रवारी नाना सायकल काढून टॉकीजवर जात. 'लवकरच येत आहे' अशी काचेची पेटी असे, तिच्यातली चित्रं नाकाला काच लावून पाहत आणि परत येऊन ओट्यावरून जाहीर करत, "ह्या शुक्रवारले बी नही."

नाना आमच्याशी अर्धी अहिराणी आणि अर्धी आमची मराठी बोलत, आणि ते सगळं बसल्या जागेवरून. ओट्यावर त्यांची लोखंडी खुर्ची होती. तिच्यात बसून ते येणाऱ्याजाणाऱ्यावर आग पाखडत. दूधवाल्याला, "आज पान्यामां दूध टाकं का दूधमां पानी?" माझ्या यजमानांना, "स्कूटर ढकलानीच शे तर बैल काबरं नही पाळत?" उठून मात्र कुणाकडे जात नसत.

सिनेमा येणार म्हटल्यावर तो कसा असावा, यावरून ओट्यावर दोन तट पडले. मी कार्टूनवाली. नाना खऱ्या माणसांचे. चौधरी टेलर, ज्यांचं दुकान कोपऱ्यावरच होतं, ते ज्याच्या हातात चहा असेल त्याच्या बाजूचे.

"हाडांचे सांगाडे चालताना दाखवायचे, तर ते कार्टूनमध्येच शक्य आहे," मी चष्मा सावरून म्हणे. "खऱ्या माणसांत वास्तववादाचा प्रश्न येतो."

"सांगाडा का कमी शेतस?" नाना म्हणत. "तुमन्या मंडळातल्या त्या उपासवाल्या बाया घ्या."

"आणि लोखंडी कपडे? जळगावच्या मे महिन्यात? नट पहिल्या पायरीवरच भाजून निघेल."

इथे चौधरी टेलर गंभीर होत. "पत्रा असला तरी आतून अस्तर लागंल, वहिनी. सुती. आणि काखेत जाळी ठेवावी लागंल हवेला. रुमालाला खिसा कुठं काढायचा, तोच प्रश्न आहे."

राजाचं काम कोणी करावं, हा तर रोजचा विषय. आम्ही एकेक नट सुचवायचा आणि नानांनी तो पाडायचा. एक म्हणे फार नाचतो. दुसरा, "तो हासस. राजा हासत नही." तिसऱ्याचं सगळं बरोबर, पण पाठ चुकीची. "पाठ?" मी विचारलं. "पाठ थकेल पाहिजे," नाना म्हणाले.

खरं सांगायचं तर मी उघडपणे कार्टूनच्या बाजूनं असले, तरी एका दुपारी घरी कुणी नसताना खिडकीचा पिवळा पडदा अंगाभोवती घेऊन आरशासमोर उभी राहिले होते. मनोऱ्यातली राजकन्या. खऱ्या माणसांचाच सिनेमा निघाला आणि कुणी विचारलंच, तर तयारी असावी. पडद्याच्या कड्या खांद्यावर वाजत होत्या. तेवढ्यात यजमान आले आणि म्हणाले, "धुवायला टाकतेस का? बरं झालं."

पण नानांची खरी गंमत त्यांच्या सिद्धांतात होती. सगळ्या पोरांचं मत, राजा म्हणजे जादूगार आणि त्यानं कुठल्यातरी राज्याची मुलगी पळवून आणली. माझं मत, राजा म्हणजे सत्तेचं प्रतीक. हेही मी पुरवणीतून घेतलं होतं. नाना मात्र खुर्चीत पुढं सरकून, आवाज खाली आणून म्हणत, "तो तिना बाप शे, वहिनी. ती त्यानी आंडेर शे."

आंडेर म्हणजे लेक. विसरल्याचं दाखवत असले तरी एवढं मला येत होतं.

"कशावरून?"

"दुश्मन दारकडे तोंड करीसन बसस. हाऊ खिडकीकडे पाहीसन बसेल शे. कोनी उनं तरच वळस."

मी मुद्दाम जाऊन पाहिलं. खरंच, शिपाई दालनात येईपर्यंत राजाची पाठच दिसत असे.

"आनि जिनाना वर, तिना दारापुढे काय शे? दिवा शे. ताट शे. कैद्याले कोनी ताट वाढस का?"

"नाना, ते ताट नाही. ते शक्ती वाढवायचं फळ आहे. खेळणाऱ्यासाठी ठेवलेलं असतं."

"ताट शे," नाना म्हणाले. विषय संपला.

एकदा मी त्यांना कोंडीत पकडलं, निदान तेव्हा मला तसं वाटलं. म्हटलं, "बाप आहे, ताट ठेवतो, दिवा लावतो, किल्ली कमरेला आहे. मग उठून दार का उघडत नाही?"

नानांनी हातातला कप खाली ठेवला. चौधरी टेलरनी स्वतःचा संपवून तोही संपवला.

"बटन नही शे," नाना शेवटी म्हणाले. "आग फेकानं बटन शे. उठानं बटनच दिधं नही कंपनीनी. म्हनीसन तर सांगस, खरा मानूस पाहिजे. चित्र जसं काढं तसंच ऱ्हास. खरा मानूस उठू शकस."

मी घरी येऊन हे सगळं नकलेसकट सांगितलं. यजमान हसले नाहीत. ते म्हणाले, "नानांची मुलगी धुळ्याला असते, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं आणि नव्हतंही. सुमन. कॉलेजात असताना तिनं आपल्या मनानं लग्न केलं. नवरा धुळ्याचा, जात वेगळी. नाना लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर त्यांनी धुळ्याचं नावच टाकलं, आणि टाकलं म्हणजे अक्षरशः टाकलं. कधी बोलण्यात आलंच तर म्हणत, "पारोळ्याना पुढलं गाव." तिकडच्या लग्नाची पत्रिका आली तर, "पारोळ्याना पुढे शे, कोन जाई." आम्हाला तो विक्षिप्तपणा वाटे आणि आम्ही त्यांना मुद्दाम विचारत असू, "नाना, साक्रीला जायचं तर वाटेत कोणतं गाव लागतं हो?"

आखाजी आली की नाना दारच्या निंबाला झोका बांधत. अक्षयतृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खानदेशात तो लेकींचा सण. सासरच्या मुली माहेरी येतात, आमरस-पुरणपोळी होते, झोके घेत गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. बाप नाहीतर भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो, तिच्या सासरी दोन घास खातो आणि तिला बरोबर घेऊन येतो. पत्र चालत नाही. निरोपही चालत नाही. माणूसच उंबऱ्याशी उभा राहावा लागतो.

नाना झोका बांधत तो चांगला जाड दोराचा, अमळनेरहून आणलेल्या गुळगुळीत लाकडी पाटलीचा. स्वतः बसून, लोंबकळून दोर तपासत. मी विचारलं की म्हणत, "कालनीतल्या पोरींसाठी शे." पण तो इतका उंच बांधलेला असे, की कॉलनीतल्या एकाही पोरीचे पाय जमिनीला टेकत नसत. त्यांना उचलून बसवावं लागे.

"नाना, खाली घ्या की जरा."

"बराबर शे."

त्या वर्षीही आखाजीच्या दोन दिवस आधी झोका लागला. संध्याकाळी ओट्यावर आमची सभा भरली. नानांनी सिनेमाचा शेवट आता पक्का केला होता. शिपाई दालनात येतो. राजा वळतो. शिपाई तलवार काढतो, पण राजा आग फेकत नाही. राजा उठतो. गुडघे धरून जिना चढतो. कमरेची किल्ली काढून दार उघडतो आणि मग परत येऊन आपल्या जागेवर बसतो.

"आणि मग?" चौधरी टेलर.

"मंग काय? दार उघडं शे. ती येई आपली."

मला वाद जिंकायची ही संधी दिसली. वादाच्या भरात चिटणीसबाईंचा चष्मा घसरला आणि त्याबरोबर पुस्तकी मराठीही. तोंडातून थेट शिरपूर बाहेर पडलं.

"वा रे नाना! आंडेर काय आपली आपण येई का? दार उघडं टाकीसन हाऊ परत खुर्चीमां बसस! मुऱ्हाळी नको का धाडाले?"

चौधरी टेलर खो खो हसले. माझे यजमान हसले. मीही माझ्याच विनोदावर पोट धरून हसले. कार्टूनवाल्यांनी मैदान मारलं होतं. नाना तेवढे हसले नाहीत. ते निंबाकडे पाहत बसले. मला वाटलं, हरले म्हणून रुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचं फाटक वाजलं. नाना इस्त्रीचं धोतर नेसून, कोरी टोपी घालून उभे. हातात पिशवी, पिशवीत केळीची फणी आणि वर कागदात गुंडाळलेलं काहीतरी, पोलक्याच्या खणासारखं. माझ्या यजमानांना म्हणाले, "भाऊ, तुमनी स्कूटर चालू व्हई का आज? स्टँडवर सोडा मले."

पुढचं मला यजमानांनी सांगितलं, आणि ते माझ्यासारखं तिखटमीठ लावत नसत. स्टँडवर नाना एसटीत चढून खिडकीशी बसले. कंडक्टर आला.

"कुठलं देऊ, आबा?"

"पारोळ्याना पुढलं."

"पुढलं म्हंजे मुकटी का फागणे?"

"त्याना पुढे."

"त्याच्या पुढं काय आहे आबा, नाव सांगा ना. मागं सगळी गाडी तिकिटाची बाकी आहे."

नाना खिडकीतून बाहेर पाहू लागले. खाली उभ्या असलेल्या माझ्या यजमानांकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग कंडक्टरवर असे ओरडले, की पुढच्या सीटवरचं बाळ जागं झालं. "धुळं! धुळं द्या! धुळं माहीत नही का तुम्हाले?"

धुळ्यात काय झालं ते मला बरेच दिवस कळलं नाही, आणि मी विचारलं नव्हतं असं मुळीच नाही. पुढं सुमननंच एकदा सांगितलं. ती तांदूळ निवडत बसली होती. दारात सावली पडली. वर पाहिलं तर नाना. ना कशी आहेस, ना काय आहेस. पिशवी पुढं केली आणि म्हणाले, "चाल. गाडी शे."

"मग?"

"मग काय, मावशी. गाडी होती, आले."

उन्हं कलली तेव्हा रिक्षातून दोघं उतरली. नाना पुढं, सुमन मागं. मी गॅलरीतल्या तुळशीला तिसऱ्यांदा पाणी घालत होते. तुळस त्या दिवशी वाचली हे नशीब. सुमन फाटकातून आत आली आणि घरात जायच्या आधी निंबाखाली थांबली. तिनं दोराला हात लावला, पदर खोचला आणि पाटलीवर बसली.

तिचे पाय जमिनीला बरोबर टेकले.

आखाजीच्या दिवशी दुपारी मी सांजोऱ्यांचं ताट झाकून समोर निघाले. सांजोऱ्या द्यायच्या होत्या हे खरं, पण घाई त्यांची नव्हती. नानांच्या खिडकीपाशी पाय आपोआप मंद झाले. आत नाना पाटावर बसून खेळत होते आणि सुमन शेजारी हनुवटीखाली हात घेऊन पाहत होती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. नाना फक्त खेळाशी संबंधित तेवढं सांगत. "हाऊ सांगाडा. हाई खड्डा. आठे उडी मारानी." एवढ्या वर्षांचं बोलणं साचलेलं, आणि बोलणं चाललं होतं वटवाघळांवर.

मग शेवटचं दालन आलं. राजाची काळी पाठ दिसली. राजा वळला. नानांनी रिमोट खाली ठेवला. पण हात जोडले नाहीत.

"हा कोण, नाना?" सुमननं विचारलं.

मी खिडकीला आणखी चिकटले. आता सगळा सिद्धांत येणार. पाठ, दिवा, ताट, किल्ली, न दिलेलं बटन. दोन वर्षं अख्ख्या कॉलनीला छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट, आणि ऐकायला ज्या माणसानं यायला हवं तेच समोर बसलेलं.

नाना पडद्याकडे पाहत राहिले. राजानं आग फेकली, शिपाई जळून गेला.

"कोन जाने," नाना म्हणाले. "शे एक येडा."

सुमननं थोडा वेळ त्या राजाकडे पाहिलं. मुकुट, सावलीतलं तोंड, वाकलेले खांदे. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"म्हातारा दिसतो," ती म्हणाली. "उठवत नसेल त्याला. चहा ठेवते, बसा तुम्ही."

मी सांजोऱ्यांचं ताट घेऊन तशीच परत फिरले. कार्टूनच्या पक्षातून मी त्याच फाटकापाशी राजीनामा दिला. ताटातल्या दोन सांजोऱ्या वाटेत खाल्ल्या.

त्या शुक्रवारी नाना टॉकीजवर गेले नाहीत. त्यानंतरही गेल्याचं मला आठवत नाही. तो सिनेमा काही आला नाही, निदान जळगावात तरी.

परवा नातवंडांनी भांडण मिटवायला शेवटी मलाच पंच केलं. "आजी, तू सांग. कार्टून की खरी माणसं?"

"खरी माणसं," मी म्हटलं.

"पण राक्षसाचं काय करायचं मग?"

"राक्षस तर खराच घ्या," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला उठले.